जुनी बस, हलके स्टिअरिंग

अमेरिकेत एके काळी ग्रेहाउंड आणि ट्रेलवेज या कंपन्यांचे उतारू वाहणाऱ्या कितीतरी बसगाड्या आज चालती-फिरती घरे झाल्या आहेत. आसने काढून आत पलंग, ओटा, फ्रीज आणि न्हाणीघर बसवलेले असते. बाहेरून मात्र १९५० च्या दशकातले तेच पन्हळी ॲल्युमिनियम चकचकीत घासून ठेवलेले. या गाड्यांच्या आतल्या सजावटीचे फोटो भरपूर छापून येतात. ज्या एका खुर्चीत बसून ती दहा टनांची गाडी प्रत्यक्ष हाकायची असते, तिच्याकडे मालकाचे लक्ष फार उशिरा जाते. पहिला लांबचा प्रवास होतो, संध्याकाळी दंड भरून येतात, चढावर गिअर चुकून मागे ट्रकांची रांग लागते, आणि मग प्रश्न सुरू होतात. पॉवर स्टिअरिंग बसेल का? ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घालता येईल का? सुरुवात कुठून करायची?

गेल्या काही दशकांत या प्रश्नांची उत्तरे हौशी मालकांनी, जुन्या ट्रकांच्या मेकॅनिकांनी आणि सुटे भाग बनवणाऱ्यांनी मिळून शोधली आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. मालकाचा पहिला पैसा सहसा गिअरबॉक्सकडे धावतो, आणि तोच बहुतेक वेळा शेवटी जायला हवा. गाडी चालवणे सोपे होते ते आधी पुढच्या ॲक्सलवर, मग ब्रेकमध्ये, आणि त्यानंतर कुठे गिअरमध्ये.

हौशी लोकांची विशेष आवडती गाडी म्हणजे जीएमसीची पीडी-४१०४. १९५३ ते १९६० या काळात जनरल मोटर्सने अशा सुमारे पाच हजार बस बांधल्या. लांबी ३५ फूट, रुंदी ८ फूट, आसने ४१. चासीची वेगळी चौकट नाही. ॲल्युमिनियमची अख्खी बॉडीच भार पेलते. चाकांवर स्प्रिंगपाट्यांऐवजी हवेचे फुगे. इंजिन मागे, तेही आडवे बसवलेले: डेट्रॉइट डिझेलचे ६-७१, सहा सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडरमध्ये जळण. या आडव्या इंजिनातून शक्ती मागच्या ॲक्सलकडे तिरकी वळवून नेणारी रचना जीएमसीची खासियत होती, आणि पुढे गिअरबॉक्स बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाची डोकेदुखीही तीच ठरली. १९६१ साली आलेल्या पीडी-४१०६ मध्ये आठ सिलिंडरचे ८व्ही७१ इंजिन आले. कॅनडातल्या एमसीआय कंपनीच्या बस आणि ट्रेलवेजच्या ईगल बस ही या कुळातली बाकीची मोठी नावे. या सगळ्या गाड्या लाखो मैल धावाव्यात म्हणून बांधलेल्या होत्या, आणि त्या आजही धावतात हीच त्यांच्या बांधणीची पावती आहे.

चालवायला मात्र त्या कष्टाच्या होत्या. त्या काळी त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे, कारण ड्रायव्हर पगारी असे, कंपनीने शिकवून तयार केलेला असे आणि रोज तीच गाडी त्याच रस्त्यावर नेत असे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र परके नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती बेडफर्डची. त्यानंतर कितीतरी वर्षे एसटीचा चालक पॉवर स्टिअरिंगशिवाय, डबल क्लच मारत घाट चढत-उतरत होता. वळणावर सीटवरून अर्धवट उठून, दोन्ही हातांनी स्टिअरिंगला वेढे घालणारा चालक पहिल्या बाकावरून पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे.

हे कष्ट अपरिहार्य होते असे मात्र नाही. लंडनच्या रूटमास्टर डबलडेकरचा पहिला नमुना १९५४ साली लोकांसमोर आला. १९५८ पासून तिचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि १९६८ पर्यंत २,८७६ गाड्या बनल्या. त्या बसला पॉवर स्टिअरिंग होते, ऑटोमॅटिक गिअर होते, पुढची दोन चाके स्वतंत्रपणे वरखाली होत असत. दर दोनशे यार्डांवर थांबणाऱ्या, अरुंद रस्त्यांतून वळणाऱ्या शहरी बसच्या ड्रायव्हरचे श्रम कमी केले पाहिजेत, हा विचार लंडनच्या अभियंत्यांनी आराखड्यातच धरला होता. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या बस सरळ महामार्गासाठी होत्या. ताशी ६० मैलांवर स्टिअरिंग आपोआप हलके लागते. जड लागते ते जागच्या जागी वळवताना. ग्रेहाउंडच्या ड्रायव्हरला ते दिवसातून मोजक्या वेळा, मोठ्या स्टँडच्या मोकळ्या जागेत करावे लागे.

आजच्या मालकाचे दिवसभराचे काम नेमके उलटे आहे. तो वर्षातून काही आठवडे गाडी काढतो, बहुधा साठी ओलांडलेला असतो, आणि मुक्कामाला पोचल्यावर झाडे, तंबू आणि विजेचे खांब चुकवत त्याला ३५ फुटांची गाडी उलटी घालायची असते. जोडीदारालाही थोडा वेळ गाडी चालवता यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. बस चालवायला दंडात ताकद हवी, ही समजूत जड स्टिअरिंगने जन्माला घातली. स्टिअरिंग हलके झाले की ती गळून पडते. २०२३ मध्ये एसटीच्या गाड्यांवर महिला चालक रुजू झाल्या तेव्हा ते आपल्याकडेही दिसले.

सुरुवात खरेदीने करू नये, तपासणीने करावी. जड स्टिअरिंगच्या तक्रारींतल्या पुष्कळशा तक्रारी मूळ रचनेच्या नसतात, साठ वर्षांच्या हयगयीच्या असतात. ही तपासणी कशी होते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून खाली भक्कम घोडे लावायचे, दोन्ही चाके जमिनीवरून सुटली पाहिजेत. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. टायरचे घर्षण निघून गेले असल्यामुळे ते हलके फिरायला हवे. तरीही जड लागले, तर स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा लांब दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, सोडवायचा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या फिरवून बघायच्या. चाके हाताने ढकलून सहज वळत नसतील तर दोष किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळते तिच्यात आहे. स्टिअरिंग एकटेच जड असेल तर तो बॉक्समध्ये किंवा खांबाच्या बेअरिंगमध्ये आहे.

किंगपिनला ग्रीस भरण्यातही एक खुबी आहे. गाडी चाकांवर उभी असताना ग्रीस भरले तर ज्या थ्रस्ट बेअरिंगवर सगळा भार टेकलेला असतो, तिथे ते पोचतच नाही. ॲक्सल उचलून, चाके डावी-उजवीकडे वळवत भरले म्हणजे आधी काळा, घट्ट झालेला जुना मळ बाहेर पडतो आणि मग स्वच्छ ग्रीस दिसू लागते. एवढ्या एका कामाने स्टिअरिंगमध्ये पडणारा फरक पाहून पॉवर स्टिअरिंगचा बेत पुढे ढकलणारे मालक आहेत.

मग वजन. बसचे घर करताना पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या, जनरेटर जिथे जागा मिळेल तिथे ठेवले जातात. पुढे स्टेपनीची जागा रिकामी सापडली की तिथेच जनरेटर बसवण्याचा मोह होतो. मूळ बसमध्ये इंजिन मागे असल्यामुळे पुढच्या ॲक्सलवर तुलनेने कमी भार होता, आणि म्हणूनच पॉवरशिवायचे स्टिअरिंग माणसाच्या आवाक्यात होते. तो तोल नव्या मालकाने नकळत बिघडवलेला असतो. ट्रकांच्या वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घेतला की खरे काय ते कळते, आणि टायर कंपनीच्या तक्त्यावरून त्या वजनाला लागणारी हवाही ठरवता येते. मूळ टायर ट्यूबचे आणि आडव्या-तिडव्या धाग्यांच्या बांधणीचे होते. आजचे रेडियल टायर रस्ता छान धरतात, कमी तापतात, पण जागच्या जागी वळवताना अधिक जड लागतात. यावर रेडियल नाकारणे हा उपाय नव्हे. हवा मात्र योग्य ठेवावीच लागते.

एवढे सगळे करूनही साठीतल्या माणसाला ते स्टिअरिंग दिवसभर झेपत नसेल, तर पॉवर स्टिअरिंग घालावे, आणि निःसंकोच घालावे. चालवण्याच्या सोयीसाठी जुन्या बसमध्ये करायचा सर्वांत मोलाचा बदल हाच.

तो करण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत. बसमध्ये ब्रेकसाठी दाबाची हवा असतेच, म्हणून तिच्यावर चालणारा मदतनीस सिलिंडर दांड्याला जोडणे ही सर्वांत स्वस्त युक्ती. मूळ बॉक्स जागेवर राहतो, काम उलटवता येते. पण हवा दबते. त्यामुळे मदत किंचित उशिरा आणि लवचीक मिळते, आणि काही चालकांना ती कधीच रुचत नाही. तेलाच्या दाबावर चालणारा तसाच सिलिंडर अधिक नेमका असतो. अवजड ट्रकांसाठी बनवलेला, आतच पॉवर असलेला अख्खा बॉक्स बसवणे ही तिसरी वाट. शेपर्ड आणि टीआरडब्ल्यू या कंपन्यांचे असे बॉक्स मोडीत निघालेल्या ट्रकांमधून मिळतात आणि नव्याने बांधूनही मिळतात. काम मोठे, पण हातात येणारे स्टिअरिंग आजच्या ट्रकासारखे. फोक्सवॅगनच्या टाइप-२ सारख्या हलक्या जुन्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खांबावरच विजेची छोटी मोटर बसवून भागते. दहा टनांच्या बसला तेवढ्याने भागत नाही.

अवघड भाग बॉक्स विकत घेण्यात नसतो, त्याच्या अवतीभवतीच्या भूमितीत असतो. बॉक्सखाली लोंबणारा पिटमन आर्म किती लांब, तो पुढेमागे किती अंश फिरतो आणि ड्रॅग लिंकचा कोन काय राहतो, यावर सगळे अवलंबून असते. कोन चुकला तर रस्त्यातल्या खड्ड्यावर ॲक्सल वर गेला की गाडी आपली आपण बाजूला ओढते. चौकटीची चासी नसल्याने बॉक्सचा सगळा जोर बॉडीच्या पातळ भागांवर येतो, तिथे जाड पत्र्याचा आधार द्यावाच लागतो. पंप मागे इंजिनवर आणि बॉक्स पुढे, म्हणजे दाबाच्या तेलाच्या नळ्या गाडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीएवढ्या. त्यांना उष्णतेपासून आणि घासण्यापासून जपणे हे निम्मे काम.

दोन बाबतींत कसलीही काटकसर चालत नाही. जुन्या गाडीचे दांडे आणि त्यांचे सांधे माणसाच्या हाताचा जोर गृहीत धरून बनवलेले होते. पॉवर बॉक्स त्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लावतो. म्हणून सांधे नवे हवेत, दांड्यांना तडे नाहीत याची तपासणी झालेली हवी, आणि चाक पूर्ण वळायच्या किंचित आधी दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह नीट जुळवलेला हवा. नाहीतर बॉक्स चाकाला आडकाठीवर दाबतच राहतो आणि काहीतरी मोडते. दुसरी बाब म्हणजे पॉवर गेल्यावरची स्थिती. पॉवरचा बॉक्स कमी वेढ्यांत चाक वळवतो, त्यामुळे चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग मूळच्यापेक्षाही जड होते. ही गोष्ट प्रत्येक चालकाने रिकाम्या मैदानात, अगदी कमी वेगात, एकदा स्वतः अनुभवून ठेवावी.

पॉवर स्टिअरिंगचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. हाताने वळवायच्या गाडीत किंगपिनचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कॅस्टर, मुद्दाम कमी ठेवत. तो वाढवला की स्टिअरिंग जड होते, पण गाडी सरळ रेषेत आपोआप टिकते. पॉवर आली की कॅस्टर वाढवता येतो, आणि मग वाऱ्याच्या दिवशी उघड्या माळरानावरून जाताना चालकाला सतत बारीक दुरुस्त्या कराव्या लागत नाहीत. थकवा मोठ्या वळणांनी येतो त्यापेक्षा या न दिसणाऱ्या दुरुस्त्यांनीच जास्त येतो.

ब्रेककडे वळताना एक जुनी हकिकत सांगायलाच हवी. १९३१ साली क्लेसी कमिन्स, म्हणजे ज्यांच्या नावाने डिझेल इंजिने ओळखली जातात तेच, न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे एक डिझेल ट्रक घेऊन निघाले होते. कॅलिफोर्नियातला कॅहोन पास उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. पायथ्याशी रेल्वे फाटक होते आणि मालगाडी नुकतीच ओलांडून जात होती. शेवटचा डबा निघून गेला आणि ट्रक थोडक्यात वाचला. त्या प्रसंगाचा ठसा त्यांच्या मनावरून पुसला गेला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी असे साधन शोधले की उतारावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडून दाबलेली हवा सोडून देता येते आणि इंजिनच गाडीला मागे खेचते. १९६१ मध्ये जेकब्ज कंपनीने ते बाजारात आणले. जगभरचे ट्रकवाले त्याला जेक ब्रेक म्हणून ओळखतात.

डेट्रॉइटच्या टू-स्ट्रोक इंजिनांनाही जेक ब्रेक मिळतो. तो प्रत्येक हेडला बसत नाही, त्यामुळे आधी इंजिनाची जात तपासावी. पण डोंगराळ भागात फिरणाऱ्या मालकाला यासारखे समाधान देणारे दुसरे काही नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा खंडाळ्याच्या नि कसाऱ्याच्या चालकांना ठाऊक असलेला नियम इथेही लागू आहेच. जेक ब्रेक त्या नियमाच्या जोडीला येतो, त्याऐवजी नाही.

मूळ ब्रेकच्या रचनेत यापेक्षाही निकडीचे दोष आहेत. पीडी-४१०४ च्या काळातल्या बसमध्ये पुढच्या आणि मागच्या ब्रेकला एकाच वाटेने हवा जाते. कुठेही नळी फुटली तर सगळेच जाते. अमेरिकेत १९७५ साली एअर ब्रेकसाठी जो नियम लागू झाला त्याने दोन स्वतंत्र वाटा आणि हवा गेल्यावर स्प्रिंगच्या जोराने आपोआप लागणारे ब्रेक आणले. जुन्या बसला हा नियम सक्तीचा नाही. शहाण्या मालकाने तो स्वतःवर सक्तीचा करून घ्यावा. दुहेरी पेडल व्हॉल्व्ह, वेगळ्या टाक्या, उलट प्रवाह रोखणारे व्हॉल्व्ह आणि मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक, एवढ्याने गाडीचे आयुष्य आणि आतल्या माणसांचे आयुष्य दोन्ही सुरक्षित होतात. काही जुन्या बसमध्ये डीडी-३ नावाची रोलरने अडकणारी पार्किंग ब्रेकची रचना असते. ती सोडवायला नुसते बटण दाबून चालत नाही, पाठोपाठ पायाचा ब्रेकही दाबावा लागतो. अनोळखी चालक तिथे हमखास गोंधळतो, म्हणून सरळ स्प्रिंग ब्रेक केव्हाही बरा.

ब्रेकचे अंतर आपोआप जुळवणारे स्लॅक ॲडजस्टर १९९४ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत नव्या एअर ब्रेकच्या गाड्यांना सक्तीचे झाले. जुन्या बसला ते लावले तर गाडीखाली पाना घेऊन सरपटण्याचे काम कमी होते. वाचते असे मात्र नाही. ॲडजस्टर आपोआप चालतो म्हणून त्याच्याकडे न बघणे हे हाताने जुळवण्यापेक्षा धोक्याचे. हवेतली ओल शोषून घेणारा एअर ड्रायरही बसवावा, म्हणजे टाकीत पाणी साचत नाही आणि थंडीत व्हॉल्व्ह गोठत नाहीत.

आता गिअर. डेट्रॉइटचे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास खूश असते. खाली आले की त्याचा जोर ओसरतो. त्याच्या जोडीला गिअर चारच, आणि दोन गिअरांतले अंतर मोठे. चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचे तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, फेऱ्या उतरेपर्यंत थांबायचे, पुन्हा क्लच आणि मग तिसरा. तेवढ्या वेळात गाडीचा वेग इतका पडतो की तिसरा घेताच इंजिन हुंदके देऊ लागते. उलट खाली यायचे तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची, फेऱ्या अचूक चढल्या की दुसरा टाकायचा. चुकला तर दातांचा खरखराट अख्ख्या गाडीला ऐकू जातो. जीएमसीच्या काही बसमध्ये रिव्हर्ससाठी वेगळा स्विच असतो, नुसता दांडा ओढून मागचा गिअर पडत नाही. एसटीच्या जुन्या चालकाला यातले बहुतेक आठवडाभरात जमेल. ज्याने आयुष्यभर ऑटोमॅटिक मोटार चालवली त्याला ते शिकायला एक हंगाम लागतो, पण येते.

शिकण्याआधी एक मात्र पाहावे. ड्रायव्हरच्या हातातला गिअरचा दांडा आणि मागचा गिअरबॉक्स यांत तीसएक फुटांचे लोखंडी दांडे, सांधे आणि बुशिंगे असतात. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी झीज झाली की दांडा हातात ढिला वाजतो आणि कुठला गिअर कुठे आहे तेच समजत नाही. ही बुशिंगे बदलली, क्लचचे लांब दांडे जुळवले, पेडलला हवेची किंवा तेलाची मदत दिली, की गिअर टाकणे वेगळेच वाटू लागते. ॲक्सिलरेटरची लांबलचक दांड्यांची जोडणी काढून हवेवर चालणारी रचना केली तर पायाचे कष्टही जवळजवळ संपतात. या कामांना पैसे कमी लागतात, चिकाटी जास्त लागते, आणि म्हणूनच ती मागे पडतात.

ऑटोमॅटिकचे आकर्षण समजण्यासारखे आहे. अ‍ॅलिसन कंपनीचा तीन गिअरांचा व्ही७३० शहरी बसमधल्या त्या आडव्या इंजिनासाठीच बनला होता, त्यामुळे जीएमसीच्या मालकांची नजर तिकडे जाते. एमसीआयच्या सरळ इंजिनाच्या गाड्यांना चार गिअरांचा एचटी७४० जुळतो. पण हा बदल म्हणजे एक पेटी काढून दुसरी बसवणे नव्हे. डेट्रॉइटची इंजिने उजवीकडे फिरणारी आणि डावीकडे फिरणारी अशी दोन्ही प्रकारची बनत. नव्या गिअरबॉक्सला उलटी फिरकी हवी असेल तर इंजिन खोलून कॅमशाफ्टपासून तेलपंपापर्यंत आणि स्टार्टरपर्यंत बदल करावे लागतात. ऑटोमॅटिकमध्ये क्लचची जागा घेणारा टॉर्क कन्व्हर्टर तेल तापवतो आणि ती उष्णता त्याच रेडिएटरवर येते, जो उन्हाळ्यातल्या चढावर आधीच जेमतेम पुरत असतो. मागच्या ॲक्सलचे प्रमाण जुळले नाही तर महामार्गावर इंजिन विनाकारण पळत राहते. कन्व्हर्टर लॉक झाल्याशिवाय जेक ब्रेकचा पुरता उपयोग होत नाही. नवे चार-स्ट्रोक इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स एकत्र बसवणारेही आहेत. ते उत्तम चालते, पण तेव्हा गाडीचा मागचा तिसरा भाग नव्याने बांधावा लागतो.

म्हणून निवाडा असा की गुडघा किंवा कंबर क्लच दाबू देत नसेल, तर ऑटोमॅटिकवर खर्च करावा. नुसत्या भीतीपोटी करू नये. ज्याला ऑटोमॅटिकच हवी त्याने ती कारखान्यातूनच बसवलेली बस शोधावी. तशा एमसीआय बस मिळतात, आणि बदलाच्या खर्चापुढे ती खरेदी सहसा स्वस्त पडते.

लहान कामांची यादी लांबवण्याचे कारण नाही. घर केल्यावर मागची काच पलंगाआड जाते, तेव्हा मागचा कॅमेरा आणि बाहेरचे फुगीर आरसे आवश्यकच. हेडलाइटला जुन्या वायरीतून विजेचा पुरता दाब पोचत नाही. जाड वायर आणि रिले लावले की तेच दिवे उजळतात. ड्रायव्हरची हवेवर तरंगणारी सीट पाठीला जपते, मात्र तिच्यासोबत योग्य पट्टा हवा.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: इतके बदलल्यावर जुनी गाडी जुनी कसली? त्याचे उत्तर ग्रेहाउंडच्याच इतिहासात आहे. रेमंड लोवी यांच्या आराखड्याच्या दीड मजली सीनिक्रूझर बस १९५४ ते १९५६ या काळात १,००१ बनल्या. त्यांत दोन ४-७१ इंजिने जोडीने बसवलेली होती, आणि ती जोडगोळी सतत त्रास देत राहिली. १९६१-६२ मध्ये मार्मन-हेरिंग्टन कंपनीने त्यातल्या ९७९ गाड्यांची दोन्ही इंजिने काढून एकेक ८व्ही७१ आणि साधा चार गिअरांचा बॉक्स बसवला. आज रस्त्यावर दिसणारी आणि लोक हौसेने फोटो काढतात ती सीनिक्रूझर बहुधा ही बदललेलीच असते. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवला आणि बॉडीला न कापता काम केले, की पुढच्या मालकाला मागे जाण्याची वाट मोकळी राहते. एवढी शिस्त पुरे आहे.

भारतात ही मोकळीक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कडक मर्यादा आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादा अधोरेखित केल्या. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांतही मूळ स्वरूप राखण्याची अट आहे. महाराष्ट्राने त्याच वर्षी कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण त्यात मंजुरी मिळालेल्या नव्या गाड्यांचा विचार आहे. पुण्यात शहर सेवेच्या जुन्या बसमधून स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभी राहिली, तीही चालवायची नसून उभी ठेवायची होती. त्यामुळे जुनी एसटी घेऊन तिचे घर करू पाहणाऱ्याने पाना हातात घेण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घ्यावी.

बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. अशी निवृत्त बस जतन करायची तर नुसती ठेवून भागत नाही; ती शेडमध्ये उभी राहिली तर तिचे रबर, तिचे फुगे आणि तिच्या किंगपिन लवकर संपतात. ती चालती राहायला चालवणारी माणसे लागतात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळांत घडलेले मेकॅनिक आणि डबल क्लचवर घाट चढलेले चालक आता सत्तरीत आहेत. एसटी महामंडळाने आणि बेस्टने त्यांना बोलावून दहा-वीस तरुणांना हे काम शिकवावे, आणि ते आत्ताच करावे.